पे लेव्हल एस-६, मूळ वेतन १९९०० : हजर होण्यापासून पहिल्या वेतनवाढीपर्यंत

लिपिक-टंकलेखक म्हणून माझं सिलेक्शन झालं तेव्हा घरी येणारा प्रत्येक माणूस पेढा हातात घेऊन पहिला प्रश्न पगाराचाच विचारायचा आणि खरं सांगते, मला उत्तर देता येत नव्हतं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, एस-६ : १९९००-६३२०० अधिक महागाई भत्ता व नियमाप्रमाणे देय इतर भत्ते. तीन वर्षं अभ्यास केला, चालू घडामोडी पाठ केल्या, पण ही एक ओळ कधी नीट वाचली नाही. चुलतभाऊ सगळ्यांना त्रेसष्ट हजार सांगत होता, आत्या म्हणत होती वीसच हजार, एवढ्यासाठी परजिल्ह्यात कशाला जायचं. आणि स्थळाच्या बायोडाटात काय लिहायचं यावर आईची आणि काकूची दोन दिवस चर्चा चालली होती.

आता सात-आठ महिने झालेत, पहिली वेतनवाढ लागलीय, आणि मधल्या काळात जे कळलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना हे कुणी बसवून सांगत नाही. मी राज्य शासनाच्या नोकरीबद्दल लिहितेय, केंद्राचे नियम बरेचसे असेच आहेत पण सगळे नाहीत.

नियुक्तीचा आदेश २० जून २०२५ ला मिळाला, शुक्रवार होता. आदेशात हजर व्हायला तीस दिवसांची मुदत. आमच्याकडे नाना दरवर्षी वारीला जातात, तेव्हाही ते दिंडीत होते, एकादशी ६ जुलैला होती. माझ्या मनात पक्कं होतं की नाना पंढरपूरहून आले की त्यांना घेऊनच पहिल्या दिवशी ऑफिसला जायचं, म्हणजे ८-९ जुलै. मुदत २० जुलैपर्यंत असल्यामुळे घाई करण्यासारखं मला काहीच दिसत नव्हतं.

मामा मध्ये पडले म्हणून बरं झालं. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेत. त्यांनी आदेश चष्मा लावून दोनदा वाचला, पगाराचं काहीच बोलले नाहीत, एकदम म्हणाले, "पोरी, एक जुलैच्या आत हजर हो."

मी म्हटलं, "मामा, नाना यायचेत अजून, आणि मुदत आहे की."

"वारी दरवर्षी हाय. हजर व्हायची तारीख जन्मात एकदाच. नानाला मी फोन करतो."

मग त्यांनी जुन्या डायरीचं मागचं पान उघडून जे समजावलं ते असं. शासकीय कर्मचाऱ्याला वर्षातून एक वेतनवाढ मिळते, पूर्वी सगळ्यांची १ जुलैला असायची. सातव्या वेतन आयोगापासून दोन तारखा झाल्या, १ जानेवारी आणि १ जुलै. वेतनवाढीच्या तारखेला किमान सहा महिने सेवा झालेली पाहिजे. म्हणजे २ जानेवारी ते १ जुलै या काळात जो लागला त्याची वाढ पुढच्या १ जानेवारीला, आणि २ जुलै किंवा त्यानंतर लागला तर सहा महिने भरत नाहीत म्हणून त्याची थेट पुढच्या वर्षीच्या १ जुलैला. एक जुलैला हजर झालेला आणि दोन जुलैला हजर झालेला यांच्यात दिवस एकच, पण वाढीत सहा महिन्यांचा फरक, आणि ती तारीख नंतर दरवर्षी तीच चालू राहते.

नानांशी फोनवर बोलले तेव्हा मागे टाळ वाजत होते, नीट ऐकू येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, जा तू, माउलीला सांगतो मी. मला त्या रात्री रडू आलं होतं, ते आनंदाचं की एकटं जायचं म्हणून ते माहीत नाही.

आता पगाराचं. त्याच पानावर मामांनी पगारही काढून दाखवला, पण त्यांच्या तोंडी अजून ग्रेड पे. "तुझा ग्रेड पे एकोणीसशे," असं ते म्हणायचे आणि मला आदेशात ग्रेड पे कुठंच सापडत नव्हता. तर भानगड अशी की सहाव्या आयोगात वेतनबँड आणि ग्रेड पे अशी पद्धत होती, लिपिकाला ५२००-२०२०० आणि ग्रेड पे १९००. नव्याने लागणाऱ्याला सुरुवातीला ५८३० अधिक १९०० म्हणजे ७७३०. सातव्या आयोगात याला २.५७ ने गुणलं, ते येतं १९८६६, आणि तिथून १९९०० हा आकडा आलाय. ग्रेड पे तिथेच संपला, त्याच्या जागी वेतनस्तर आले, एस-१ पासून एस-३१ पर्यंत. नातेवाईक अजून ग्रेड पे विचारत असतील तर गोंधळू नका, १९०० वाले एस-६, २४०० वाले एस-८ असं जुळवून सांगायचं.

हे सगळे आकडे महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, २०१९ मध्ये एका मोठ्या तक्त्यात आहेत, त्यालाच वेतन मॅट्रिक्स म्हणतात. मी तो तक्ता प्रिंट काढून रूमच्या भिंतीला चिकटवला होता. आडव्या ओळीत स्तर, प्रत्येक स्तराखाली उभे कप्पे. एस-६ च्या खाली १९९००, मग २०५००, २११००, २१७००, २२४००, २३१०० असे खाली खाली जातात. प्रत्येक कप्पा आधीच्यापेक्षा तीन टक्क्यांनी जास्त, जवळच्या शंभरात पूर्ण केलेला. नवीन माणूस पहिल्या कप्प्यात उभा राहतो आणि दरवर्षी एक कप्पा खाली सरकतो, एवढा साधा हिशोब आहे. एस-६ मध्ये असे ४० कप्पे आहेत, म्हणजे ६३२०० ला पोचायला ३९ वेतनवाढी लागतात. मी चोवीस वर्षांची आहे आणि वय अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे मी याच स्तरात राहिले तर तो शेवटचा आकडा मला कधीच दिसणार नाही. चुलतभावाला हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्याने त्रेसष्ट हजार सांगणं बंद केलं.

अर्थात कुणी जन्मभर एकाच स्तरात राहत नाही. वरिष्ठ लिपिक झालं की एस-८, २५५००-८११००. तेव्हा आधी चालू स्तरात एक वाढ देतात आणि मग वरच्या स्तरात तेवढा किंवा त्याच्या लगेच पुढचा कप्पा बघतात. समजा मी २३१०० वर असताना बढती मिळाली, तर एक वाढ धरून २३८००, एस-८ ची सुरुवातच २५५०० पासून असल्यामुळे थेट तिथे. आणि बढतीची जागाच निघाली नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत वरचा स्तर मिळू शकतो. ते खूप लांबचं आहे, पण माहीत असावं.

माझ्या बरोबरच्या मैत्रिणींचं पण या तक्त्यात शोधत बसायचे. एक पोलीस शिपाई झाली, एस-७, २१७०० पासून. एक तलाठी, एस-८. एक सहायक कक्ष अधिकारी झाली मंत्रालयात, एस-१४, ३८६०० पासून. आणि आमच्या गावचा एक मुलगा डीएड करून शिक्षण सेवक लागला, त्याला मात्र पहिली तीन वर्षं तक्त्यात जागाच नाही, महिन्याला १६००० मानधन, तीन वर्षांनी वेतनश्रेणी. तो तीन वर्षं महागाई भत्त्याशिवाय काढतोय आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं, कारण वर्गात तो पूर्ण शिक्षकाचंच काम करतो.

तर ३० जून २०२५, सोमवार. मी पहाटेच्या एसटीने निघून पावणेदहाला ऑफिसच्या दारात. तालुक्याचं ठिकाण, आमच्या घरापासून साडेतीन तास. मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स असं सगळं फाईलमध्ये लावून नेलं होतं. दहावी, बारावी, पदवी, टायपिंगची दोन्ही सर्टिफिकेटं, एमएस-सीआयटी, अधिवास, जातीचे कागद, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, पॅन, आधार, पासबुक. मेडिकल सिव्हिल हॉस्पिटलला करायचं होतं, त्यात दोन दिवस आणि दोन चकरा गेल्या. प्रवास सोडून कागदांचा, फोटोंचा आणि सेवापुस्तकाच्या दोन कोऱ्या प्रती विकत घेतल्या त्याचा खर्च मिळून १३४० रुपये झाले. सेवापुस्तकं काही ठिकाणी ऑफिसच देतं, आधी विचारून घ्या.

मामांनी सांगितलं होतं की हजर झाल्याचा अर्ज दोन प्रतीत लिही, त्यात तारीख आणि मध्यान्हपूर्व हा शब्द लिही आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नको. मला तेव्हा ते जरा अतिच वाटलं होतं. पण आवक-जावकच्या ताई चांगल्या होत्या, त्यांनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला, तारीख ३०/०६/२०२५. जांभळी शाई थोडी पसरली होती पण वाचता येत होतं. ती प्रत मी प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून ठेवली.

मोठे साहेब त्या दिवशी मीटिंगला गेले होते, दुसऱ्या दिवशीही नव्हते, त्यामुळे मला रुजू करून घेतल्याचा कार्यालयीन आदेश ३ जुलैला निघाला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही, मी तर ३० तारखेपासून कामाला बसले होते, हजेरीपटावर सही होती.

मग सुरू झाली पहिल्या पगाराची वाट. याबद्दल स्पष्ट लिहिते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी पगार निघायला आधी सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत तुमची नोंद व्हावी लागते, सेवार्थ आयडी मिळतो, मग एनपीएससाठी, म्हणजे पेन्शन योजनेसाठी, प्रान नंबरचा (त्यातल्या आपल्या खात्याच्या नंबरचा) फॉर्म जातो, मग पगारबिलात नाव येतं, ते बिल कोषागारात जातं. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी रजेवर असतं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, गणपती झाले, माझा पगार नाही. रूमचं भाडं ३५००, मेस २८००, शिवाय डिपॉझिट दहा हजार आधीच दिलेलं. घरून येताना २५ हजार घेऊन आले होते ते ऑगस्टअखेर संपले, आणि नोकरीला लागलेल्या मुलीने घरी पैसे मागायचे हे मला फार जड गेलं. नानांनी काही न विचारता पाठवले. त्यामुळे माझं सांगणं एवढंच की किमान तीन महिने निघतील एवढी सोय करून मगच निघा, आणि प्रानचा फॉर्म हजर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात भरून द्या, त्याच्या फोटोवर आणि सहीवर शंका निघाली की महिना जातो, माझा तसाच गेला.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली. जूनमध्ये मामांनी हिशोब केला तेव्हा महागाई भत्ता ५३ टक्के होता, ११ ऑगस्टला शासन निर्णय आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून ५५ टक्के झाला. मामांच्या डायरीच्या पानावर १०५४७ लिहिलं होतं ते आता १०९४५. महिन्याला ३९८ रुपये. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की टक्केवारीची ती बातमी, जी मी परीक्षेसाठी पाठ करायचे, ती कुणाच्या तरी किराणा बिलात उतरत असते.

पहिला पगार जमा झाला १० ऑक्टोबरला, शुक्रवारी दुपारी. मेसेज आला तेव्हा मी आवक रजिस्टर लिहीत होते, हात थरथरत होता. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर एकत्र, ८८ हजारांच्या आसपास. संध्याकाळी आईला फोन केला, बराच वेळ दोघीही नुसत्या फोन धरून होतो.

शनिवार-रविवार सुट्टी होती, मी तिन्ही महिन्यांच्या पेस्लिपा घेऊन बसले. सप्टेंबरची स्लिप अशी होती. मूळ वेतन १९९००, महागाई भत्ता १०९४५, घरभाडे १९९०, वाहतूक भत्ता ६७५, एकूण ३३५१०. घरभाडं गावाच्या वर्गावर ठरतं, मुंबई-पुण्याला एक्स वर्ग, ३० टक्के, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांना वाय, २० टक्के, बाकी सगळे झेड, १० टक्के. म्हणजे माझ्याच पदावरच्या पुण्यातल्या मुलीला घरभाडं ५९७० आणि मला १९९०, पण तिच्या रूमचं भाडं ऐकल्यावर मला तिचा हेवा वाटला नाही. कपातीत एनपीएसचे ३०८५, हे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के असतात आणि शासन आपल्याकडून चौदा टक्के वेगळे भरतं, ते स्लिपमध्ये बघायला विसरू नका. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. गट विमा १२०. हातात ३०१०५.

तर सगळ्यांना आता हेच सांगते, जाहिरातीत १९९०० वाचलं की झेड वर्गाच्या गावात हातात तीस हजार धरा. बायोडाटात आईने पण तेच लिहिलं.

पण जुलैच्या स्लिपवर मी अडकले. मूळ वेतन १८६१६. हा आकडा तक्त्यात कुठल्याच कप्प्यात नाही. आधी वाटलं काहीतरी कपात असेल. मग कॅल्क्युलेटर घेऊन १९९०० भागिले ३१ केलं, ६४१.९३, आणि १८६१६ ला त्याने भागलं तर बरोबर २९ आले. एकोणतीस दिवस. आणि जूनच्या एका दिवसाचा पगार तर कुठेच नाही. म्हणजे माझी हजर होण्याची तारीख ३ जुलै धरलेली होती.

तीन दिवसांच्या पैशाचं मला एवढं वाटलं नसतं. पण ३ जुलै म्हणजे १ जुलैच्या पलीकडे. मामांचं पान डोळ्यासमोर आलं. जानेवारीची वेतनवाढ गेली, पुढच्या जुलैवर. एक वाढ म्हणजे मूळ वेतनात ६००, त्यावर महागाई भत्ता ३३०, घरभाडे ६०, महिन्याला ९९० रुपये. सहा महिन्यांचे जवळपास सहा हजार, आणि हे फक्त पहिल्या वर्षी नाही, दरवर्षी सहा महिने मागे. आणि नाना दिंडीत असताना मी एकटी गेले होते ते याच तारखेसाठी. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सोमवारी आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी बघणाऱ्या, सरांकडे गेले. ते रागावले नाहीत, पण म्हणाले आदेश ३ तारखेचा आहे, आम्ही आदेशावरून नोंद घेतो. सेवापुस्तक काढून दाखवलं, पहिल्याच पानावर निळ्या पेनने स्वच्छ अक्षरात ०३/०७/२०२५. मी त्या पानावर ऑगस्टमध्ये न वाचता सही केली होती, ती माझीच सही तिथे होती. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून लिहितेय, सेवापुस्तक सहीला आलं की खुर्चीत बसून जन्मतारीख, हजर तारीख, नावाचं स्पेलिंग, जात, वेतनस्तर, वारसाचं नामनिर्देशन, एक एक ओळ वाचा, मागे कितीही लोक उभे असले तरी.

पाऊचमधली जांभळ्या शिक्क्याची प्रत तेव्हा कामी आली. १४ ऑक्टोबरला अर्ज दिला, सोबत ती प्रत आणि हजेरीपटाच्या जून-जुलैच्या पानांची झेरॉक्स. मग दिवाळी आली, मग आस्थापनेचे सर ट्रेनिंगला, मग फाईल साहेबांच्या टेबलावर. मी दर सोमवारी जाऊन विचारायचे, भांडले नाही, फक्त विचारायचे, आणि प्रत्येक वेळी तारीख माझ्या डायरीत लिहायचे. अशा सात सोमवारांनंतर २ डिसेंबरला शुद्धिपत्रक निघालं. सेवापुस्तकात जुन्या तारखेवर एक आडवी रेघ, वर लाल शाईने ३०/०६/२०२५ मध्यान्हपूर्व, बाजूला साहेबांची सही आणि शिक्का. दुय्यम प्रतीतही तसंच करून घेतलं, ती दुरुस्त करायची राहून जाते असं मामा म्हणाले होते. सेवार्थमध्ये तारीख बदलायला अजून दोन आठवडे लागले.

या काळात आठव्या वेतन आयोगाचे मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर रोज यायचे, कुणाचा पगार कितीने वाढणार त्याचे तयार तक्ते. मामा म्हणाले त्यात जीव घालू नको. सातवा आयोग केंद्राने २०१६ मध्ये दिला, आपल्याकडे बक्षी समिती बसली आणि राज्याची अधिसूचना निघाली ३० जानेवारी २०१९ ला, लागू १ जानेवारी २०१६ पासून केला खरा पण मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत मिळाली. मामा त्या मधल्या काळातच रिटायर झाले होते, त्यांनी शेवटच्या हप्त्याची वाट किती पाहिली ते आम्ही घरात बघितलंय. तेव्हा आज हातात असलेला तक्ता नीट वाचणं जास्त कामाचं.

जानेवारीची पेस्लिप फेब्रुवारीत आली. मूळ वेतन २०५००. गट विमा मात्र १२० चा ३६० झालाय, कारण १ जानेवारीपासून बचतीचा भाग पण सुरू होतो, आणि एनपीएसही थोडा वाढला, त्यामुळे हातात वाढ वाटते त्यापेक्षा कमी दिसते, ते बघून घाबरू नका. भिंतीवरच्या तक्त्यात मी १९९०० वर पेन्सिलने टिक केली.

स्लिपचा फोटो नानांना पाठवला. त्यांना आकड्यातलं फार कळत नाही, त्यांनी फोन करून विचारलं, यंदा एकादशीला सुट्टी मिळंल का. मी रजेचा अर्ज आताच लिहून ठेवलाय, त्याच्या पण दोन प्रती. ३० जून ते २ जुलै या तीन दिवसांचं थकीत बिल अजून कोषागारातून यायचंय, दर सोमवारी विचारतेय.